बिघडलेली जवारी

गौसमहंमद शिकलगार यांच्या मेंदूत रक्तच पोचत नाही, असं यंत्र सांगत होतं. आणि यंत्रावर अविश्वास दाखवायची सोय नव्हती, कारण ते त्यांच्या स्वतःच्या मुलीनं बनवलेलं होतं.

डॉक्टर तहसीन शिकलगार पडद्यासमोर उभी होती. डॉक्टर म्हणजे औषधं देणारी नव्हे, भौतिकशास्त्राची. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हा खुलासा करता करता तिची अर्धी हयात गेली होती, तरी सतारमेकर गल्लीतल्या बायका अजूनही तिला गुडघेदुखीवर गोळी विचारत. पडद्यावर तिच्या वडिलांच्या मेंदूचा नकाशा होता. जिथे रक्त खेळतं तिथे निळा रंग दिसायला हवा होता, आणि सगळीकडे काळंच होतं.

"झालं समाधान?" तिचा थोरला भाऊ अल्ताफ मागून म्हणाला. घरात ही भावंडं दखनीत बोलत, पण भांडायची वेळ आली की दोघांनाही मराठीच बरी पडे.

"भाई, जरा थांब."

"आणि किती थांबू? पुण्यास्नं टेम्पो भरून यंत्र आणलंस, मी काय बोललो का? म्हटलं, बहीण शिकलेली आहे, बघू दे तिला. आता तुझं यंत्रच सांगतंय की. जो माणूस जन्मात कुणापुढं वाकला नाही, त्याला असं नळ्यांवर टांगून ठेवायचं? अब्बांना आवडलं असतं हे?"

तीन आठवड्यांपूर्वी तिचे अब्बा, गल्लीचे गौसचाचा, आपल्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात नेहमीसारखे तंबोऱ्यावर वाकून कानस चालवत होते, आणि वाकले ते तसेच आडवे झाले. मेंदूच्या बुंध्यात गुठळी अडकली होती. मेंदूकडून शरीराकडे जाणाऱ्या सगळ्या तारा त्या अंगठ्याएवढ्या बुंध्यातून जातात. तेव्हापासून डोळे मिटलेले होते, बोटसुद्धा हलत नव्हतं आणि श्वास यंत्र घेत होतं. शुक्रवारी डॉक्टरांची समिती बसणार होती. जाणिवेची एकही खूण मिळाली नाही तर श्वासयंत्र काढावं, अशी शिफारस होती. अल्ताफनं जड मनानं होकार दिला होता. तहसीननं शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली होती, आणि आज मंगळवार होता.

तिच्या यंत्राचं नाव होतं 'ओघ'. मेंदूतलं रक्त पाहायचं तर पूर्वी शिरेत रंग टोचावा लागे, नाहीतर किरणोत्सारी औषध द्यावं लागे. ओघ काहीच टोचत नसे. आपलं रक्त म्हणजे बरंचसं पाणी. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, आणि हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक इवलंसं चुंबक. माणसाला मोठ्या चुंबकात झोपवलं की यातली निम्म्याहून थोडी जास्त चुंबकं एका दिशेला तोंड करून उभी राहतात. मग मानेतून वर जाणाऱ्या रक्ताला रेडिओलहरींचा हलका धक्का द्यायचा, की तेवढ्या रक्तातल्या चुंबकांची तोंडं उलटी होतात. हे उलटलेलं रक्त मेंदूत पोचलं की एक चित्र काढायचं. काहीही न उलटवता दुसरं काढायचं. एकातून दुसरं वजा केलं की हाड, मांस, सगळं गळून पडतं आणि उरतं फक्त नुकतंच वर आलेलं रक्त. पाटाच्या पाण्यात वरच्या अंगाला मूठभर गुलाल टाकावा आणि खाली कोणत्या वाफ्याला लाल पाणी पोचलं ते पाहावं, तसलाच हा प्रकार. फक्त हा गुलाल चुंबकाचा असतो आणि दोन-चार सेकंदांत आपोआप विरून जातो.

युक्ती जुनीच होती. तहसीन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी नव्या केल्या होत्या. जुनी यंत्रं चालताना अशी ठोकाठोक करत की आतल्या माणसाला स्वतःचा विचार ऐकू येऊ नये. ओघ गप्प होतं. आणि जुन्या यंत्रांना एका नकाशासाठी कितीतरी मिनिटं चित्रांमागून चित्रं काढावी लागत. ओघ चालू घडीचा नकाशा दाखवी. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो रक्त ओढून घेतो, आणि तिथला निळा रंग केशरी होतो.

तहसीन तो काळा नकाशा बघत खुर्चीत बसली. बाहेर अल्ताफ कुणाशीतरी फोनवर बोलत होता. "हां, शुक्रवारीच," एवढंच तिला ऐकू आलं.

नऊ वर्षांची असताना तिनं एकदा कारखान्यात जाऊन तयार तंबोऱ्याची तार छेडली होती, आणि छेडताक्षणी म्हणाली होती, "अब्बा, ही बेसूर आहे." गौसचाचांनी मान वर न करता सांगितलं होतं, "घाई नक्को करू बेटा. तार देर से बोलती."

तंबोऱ्याची तार बोटानं सुटताना जो आवाज करते तो काही तिचा खरा आवाज नव्हे. थोडं थांबावं लागतं, मग घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, पाठीवर तार थरथरू लागते आणि आतून स्वरांची पिसं सुटू लागतात. ते ऐकून मत द्यायचं असतं.

उशिरा बोलते.

ती ताडकन उठली. गुलाल टाकल्यावर चित्र काढायला ओघ किती थांबतं? धडधाकट तरुण माणसाचं रक्त दोन सेकंदांच्या आत मानेतून मेंदूत पोचतं, आणि तिच्या प्रयोगशाळेत आजवर झोपले होते ते सगळे धडधाकट विद्यार्थी. अब्बा बहात्तर वर्षांचे, मानेच्या धमन्या अरुंद झालेल्या. त्यांचं रक्त अजून वाटेतच असताना यंत्र चित्र काढून मोकळं होत होतं! फार थांबावं तर गुलाल विरून जायचा, म्हणून तिनं एकेक पाव सेकंद वाढवत नेलं. पडदा काळा राहिला, काळा राहिला, आणि मग कडेकडेनं निळा झाला. निळाई आत सरकली, घड्यांघड्यांतून पसरली, आणि बघता बघता अख्खा मेंदू निळाशार झाला.

"भाई!" तिनं अशी हाक मारली की अल्ताफच्या हातातून फोन पडला.

*

"छान," डॉक्टर पद्मजा मगदूम म्हणाल्या. समितीच्या अध्यक्ष त्याच होत्या. बाई कडक, पण खोटा धीर कधी देत नसत आणि खोटी भीतीही घालत नसत, म्हणून पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. "रक्त पोचतंय, म्हणजे मेंदू जगलाय. मला आनंदच आहे. पण तहसीन, घरात दिवा जळतोय म्हणजे घरात माणूस आहेच असं नाही. आत कोणी आहे का, ते दाखवा."

बुधवारी तहसीननं ते दाखवायचा चंग बांधला. अल्ताफनं कारखान्यातून अब्बांचा सर्वांत लाडका तंबोरा आणला. भल्याभल्या गवयांनी मागूनही गौसचाचांनी तो कुणाला दिला नव्हता. पोलादी तारांचं वाद्य चुंबकाजवळ नेणं शक्यच नव्हतं, म्हणून अल्ताफ बाहेरच्या खोलीत मायक्रोफोनसमोर बसला, आणि आत अब्बांच्या कानांवर धातूचा कणही नसलेले हेडफोन चढवले. अल्ताफनं तारा छेडल्या. खोली भरून गेली. नर्सबाई हातातलं काम टाकून दारात उभ्या राहिल्या.

पडदा निळाच राहिला. तासभर अल्ताफ छेडत होता, एवढासा ठिपकाही केशरी झाला नाही.

"हा तंबोरा त्यांनी पोटच्या पोरासारखा जपला," अल्ताफ तंबोऱ्याला गवसणी चढवत म्हणाला. "ह्याला जर ते उठत नसतील, तर आत कुणी नाही, तहसीन. मान्य कर आता."

खरं तर तहसीनलाही तसंच वाटू लागलं होतं, आणि त्या वाटण्याची तिला भयंकर भीती वाटत होती.

*

दुपारी ती अल्ताफबरोबर कारखान्यात गेली. धारवाडहून एक गायिका तंबोरा न्यायला यायची होती. बाईंची मैफल तोंडावर आली होती आणि तंबोऱ्याचं सगळं काम झालं होतं, फक्त जवारी राहिली होती. घोडीची पाठ कानशीनं अशी घासायची की तार तिच्यावर नेमकी टेकेल आणि गाऊ लागेल, याला जवारी काढणं म्हणतात. अल्ताफ पंचेचाळिशीला आला. भोपळे निवडण्यापासून खुंट्या बसवण्यापर्यंत सगळं तो करी. पण घोडीला हात लावायला गौसचाचांनी त्याला कधी दिला नव्हता. "अभी कान कच्चा है," एवढंच म्हणत. ही जवारी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा, वडिलांच्या माघारी, काढली होती.

गायिका चटईवर बसल्या, त्यांनी तारा छेडल्या, डोळे मिटले. "वा!" त्या म्हणाल्या. "काय गोड बोलतोय हो!"

अल्ताफ मान खाली घालून कानस पुसत राहिला. शेजारच्या दुकानातले दोघे ऐकायला आले होते, तेही गप्पच. बाई जरा वरमल्या. "का हो? तुमच्या मनासारखा झाला नाही का?"

"तसं न्हाई बाई," अल्ताफ ओशाळून हसला. "आमच्या गल्लीत रीतच आहे तशी. तंबोरा चांगला झाला की कुणी काही बोलत न्हाई. बोलायचं ते बिघाड असला तरच."

तहसीन दाराला टेकून उभी होती. ती हळूहळू सरळ झाली.

तिला आठवलं, दुपारी जेवण झाल्यावर अब्बा याच चटईवर आडवे होत. आजूबाजूला चार-चार तंबोरे चालू असत आणि अब्बा त्यात खुशाल घोरत. पण एखाद्या तारेखालचा दोरा केसभर सरकला की त्यांचा डोळा उघडे आणि मग ज्याच्या हातात तंबोरा असेल त्याचा उद्धार होई. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा असतो, तो जागेवर असला तरच जवारी लागते. घरातही तोच कायदा होता. डाळीत मीठ बरोबर पडलं तर अम्मीला कधी शाबासकी मिळाली नाही. तहसीन शास्त्रज्ञ झाली, तिच्या यंत्राचं नाव वर्तमानपत्रात आलं, तेव्हा अब्बांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं आणि चहा मागितला. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली होती.

"आपण त्यांना चांगला तंबोरा ऐकवला," ती म्हणाली.

"मग काय फुटका ऐकवायचा?"

"होय! अरे भाई, चांगल्या तंबोऱ्याला अब्बा कधी उठलेत का? ते झोपायचे! आपण तासभर त्यांना अंगाई गायली!"

अल्ताफनं हातातली कानस खाली ठेवली. "या अल्ला," तो म्हणाला. "चल."

गायिका एकट्याच चटईवर बसल्या होत्या. त्यांना नीट काहीच कळलं नाही, पण भावंडांचे चेहरे बघून त्या म्हणाल्या, "माझा तंबोरा उद्या-परवा नेईन हो, तुम्ही जा."

*

दवाखान्यात तहसीननं लाडक्या तंबोऱ्याच्या मधल्या, जोडीच्या तारेखालचा दोरा स्वतःच्या नखानं सरकवला. पाप केल्यासारखंच वाटलं तिला.

"छेड," ती म्हणाली आणि आत पडद्यासमोर जाऊन बसली.

पहिली तार. निळा. दुसरी, जोडीची तार. अजून निळाच. घाई नक्को करू बेटा.

कानाच्या वरच्या भागात एक केशरी ठिपका उमटला. तो वाढला. मग कपाळामागचा भाग पेटला, आणि मग, तहसीनला क्षणभर कळेना हे काय, डोक्याच्या डाव्या माथ्यावर एक ठसठशीत पट्टा केशरी झाला. उजव्या हाताची जागा! डावा मेंदू उजवा हात चालवतो, आणि गौसचाचा कानस उजव्या हातात धरत. हात बिचारा पलंगावर निपचित पडला होता, पण मनातल्या मनात त्यानं कानस उचलली होती.

तहसीन धावत बाहेर आली. तिनं भावाचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "आहेत! भाई, आहेत अब्बा! रागावलेत!"

"रागावलेत?" अल्ताफच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "मग बरोबर, तेच आहेत!"

डॉक्टर मगदूम यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही त्यांची मुलगी आहात," त्या म्हणाल्या. "केव्हा काय वाजतंय हे तुम्हाला ठाऊक होतं. माणसाला जे पाहायचं असतं ते दिसतं. शुक्रवारी सकाळी मी परीक्षा घेईन. अल्ताफभाई, मला एक बिघडलेला आणि एक चांगला, असे दोन तंबोरे लागतील. बिघडलेला आहेच, दुसरा तुम्ही आणा. केव्हा कोणता वाजवायचा ते मी ठरवीन. तहसीन, तुम्ही आत, दार बंद, तुमच्या कानावर काही पडणार नाही. फक्त नकाशा बघून सांगायचं."

"आणि चुकले तर?"

"तर समितीपुढे माझ्याकडे बोलण्यासारखं काही राहणार नाही," बाईंनी स्वच्छ सांगितलं.

*

शुक्रवारी सकाळी तहसीन बंद खोलीत बसली. भिंतीवरचा हिरवा दिवा लागला की वाजवायला सुरुवात झाली असं समजायचं. मग तिनं नकाशा पाहायचा आणि 'बिघडलेला' किंवा 'चांगला' हे फोनवरून सांगायचं.

दिवा लागला. केशरी. "बिघडलेला."

दिवा लागला. पुन्हा केशरी, तसाच ठसठशीत. "बिघडलेला."

पुन्हा केशरी. पुन्हा. आणि पुन्हा. डॉक्टरांनी एकच तंबोरा इतक्या वेळा का वाजवावा? तिच्या मनात पाल चुकचुकली, पण नकाशा दिसत होता तेच ती सांगत राहिली. दिवा विझला आणि दार उघडलं. डॉक्टर मगदूम यांचा चेहरा उतरला होता.

"प्रत्येक वेळी तुम्ही बिघडलेला म्हणालात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी दोन्ही आलटून पालटून वाजवायला सांगत होते. चांगल्यालाही त्यांचा मेंदू तेवढाच पेटतोय. म्हणजे कुठल्याही आवाजाला पेटतोय. त्याला जाणीव म्हणत नाहीत, तहसीन. मला मनापासून वाईट वाटतं."

बुधवारी तासभर तंबोरा वाजला तेव्हा अवाक्षर नाही, आणि आज हे? मग तहसीनची नजर अल्ताफकडे गेली. तो दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसला होता आणि त्याचं तोंड कानापर्यंत लाल झालं होतं.

"भाई? तू दुसरा तंबोरा कुठला आणलास?"

"धारवाडचा," अल्ताफ पुटपुटला.

"तुझी जवारी?"

"चांगली झालीय म्हणून आणली गं! बाई वा म्हणाल्या, मलाही पसंत पडली. म्हटलं, अब्बांच्या कानावर घालू, बघू तर खरं..." मग तो डॉक्टरांकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, अब्बांचं बरोबर आहे. तो तंबोरा माझा आहे, त्यांचा न्हाई. माझा कान कच्चा आहे म्हणून ते कायम सांगायचे. दोन्ही तंबोरे बिघडलेलेच हुते की!"

डॉक्टर मगदूम यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे तपासता येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल की!" अल्ताफनं अब्बांचा लाडका तंबोरा मांडीवर घेतला, जोडीच्या तारेखालचा दोरा हलक्या हातानं जागेवर आणला आणि एकदा कानाशी धरून ऐकला. "आता हा चांगला. अब्बांच्याच हातचा. बिघडलेला माझा आहेच. घ्या परीक्षा."

पुन्हा दार बंद झालं. दिवा लागला. निळा. "चांगला," तहसीन म्हणाली. दिवा लागला. केशरी. "बिघडलेला." निळा, निळा, केशरी, निळा, केशरी, केशरी. डॉक्टरांनी मध्येच दोनदा कुठलाच तंबोरा न वाजवता दिवा लावला. तेव्हा नकाशा इतका निश्चल राहिला की तहसीन म्हणाली, "बाई, मला वाटतं तुम्ही काही वाजवतच नाही आहात."

दार उघडलं तेव्हा डॉक्टर पद्मजा मगदूम हसत होत्या. मिरजेच्या त्या दवाखान्यात त्यांना तशा हसताना कुणी पाहिलं नव्हतं. "एकही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि मघाशीसुद्धा एकही चुकलं नव्हतं."

अल्ताफ चटकन उठला, आत पळाला आणि मिटल्या डोळ्यांच्या बापाच्या पायावर त्यानं डोकं ठेवलं. "जनमभर तुमच्या शिव्या खाल्ल्या अब्बा," तो रडत म्हणाला, "पण आजच्यासारखी गोड शिवी कधीच लागली न्हाई."

*

समिती बसली ती श्वासयंत्र काढायला नव्हे, तर प्रश्न विचारायला. उत्तर कसं द्यायचं ते अल्ताफनं अब्बांच्या कानात सांगितलं. 'हो' म्हणायचं असेल तर मनात कानस चालवायची. 'नाही' असेल तर कानस खाली ठेवून गप्प पडायचं. डॉक्टर मगदूम यांनी आधी साधे प्रश्न विचारले. तुमच्या मुलाचं नाव इब्राहिम का? निळा. अल्ताफ का? केशरी. असे बरेच झाल्यावर त्या थांबल्या, आणि पुढचा प्रश्न त्यांनी पलंगाशी वाकून विचारला.

"गौसभाई, तुम्हाला जगायचंय का?"

पडदा निळा होता. सगळे थांबले. तहसीन ओठ चावून थांबली, कारण तार उशिरा बोलते हे एव्हाना त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. आणि मग डाव्या माथ्यावर केशरी पट्टा उगवला. तो विझेचना. म्हातारा मनात कानस चालवत होता, चालवत होता, थांबायचं नाव घेत नव्हता.

या गोष्टीची बातमी व्हायला वेळ लागला नाही, पण बातमीपेक्षा मोठी गोष्ट दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर घडली. निपचित पडलेल्या माणसांच्या नातेवाइकांना डॉक्टर मगदूम आता एक वेगळाच प्रश्न विचारू लागल्या. तुमच्या माणसाला काय आवडतं, हा नव्हे. काय चुकलेलं सहन होत नाही, हा. कवठ्याच्या एका निवृत्त मास्तरणीपुढे तिच्या नातीनं मुद्दाम चुकीचे पाढे म्हटले, आणि सात साते अठ्ठेचाळीसला बाईंचा अख्खा मेंदू केशरी झाला. एका एसटीच्या ड्रायव्हरला चुकीच्या गिअरची घरघर ऐकवली, आणि त्याचाही नकाशा पेटला. सगळेच जागे निघाले असं नाही. पण जे आत होते त्यांना आता दार सापडलं होतं, आणि तोवर घरोघरच्या माणसांनी त्यांच्यासमोर फक्त गोडगोड बोलून त्यांना झोपवून ठेवलं होतं.

*

महिन्याभरानं धारवाडच्या गायिका पुन्हा आल्या, या वेळी थेट दवाखान्यात. तोंडावरची मैफल त्यांनी दुसऱ्या तंबोऱ्यावर भागवली होती. बाहेरच्या खोलीत अल्ताफ त्यांचा तंबोरा घेऊन बसला होता, शेजारी कानस, आणि कानाला फोन.

"केशरी," आतून तहसीन म्हणाली.

अल्ताफनं घोडीवर कानशीचे दोन हलके हात मारले, दोरा बसवला, तार छेडली.

"केशरी. पण जरा कमी."

पुन्हा कानस. पुन्हा दोरा. बाई कंटाळल्या नाहीत. उलट चटईवर बसून टक लावून बघत राहिल्या. ज्या घोडीला जन्मभर हात लावू दिला नाही, तिच्यावर बाप आता मुलाला शिकवत होता, तोंडातून शब्दही न काढता. कितीदा झालं त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. शेवटी अल्ताफनं तार छेडली, तो थांबला, आणि आतून आवाजच आला नाही.

"तहसीन? काय झालं? बंद पडलं का यंत्र?"

"नाही," तहसीन म्हणाली. "निळा आहे, भाई. सगळा निळा."

अल्ताफनं कानस खाली ठेवली. गायिकांच्या ओठांवर "वा" आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. रीत त्यांनाही कळली होती.

आत तहसीन उठून अब्बांच्या उशाशी गेली. त्यांच्या गळ्याभोवती रक्ताला धक्का देणारा ओघचा पट्टा होता, चेहरा स्वच्छ दाढी केलेला. पुढच्या आठवड्यात डॉक्टर त्यांच्या मेंदूवर तारांची जाळी बसवणार होते. यश आलं तर ते स्वतः यंत्राकरवी बोलू शकणार होते. पण तहसीनला तोवर दम नव्हता. ती वाकली. इतक्या वर्षांचा प्रश्न तिनं एका दमात विचारून टाकला.

"अब्बा, हे यंत्र मी केलंय. तुम्ही महिनाभर त्यात झोपताय, त्याची नस न् नस तुम्हाला कळली असेल. खरं सांगा, ह्याच्यात काही बिघाड आहे?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. निळा. घाई करायची नाही, हे तिला ठाऊक होतं. ती थांबली. रक्त मानेतून वर चढलं, अरुंद वाटांनी सावकाश पुढे गेलं, घडीघडीत पोचलं. तिनं डावा माथा पाहिला, कानावरची जागा पाहिली, कपाळामागचा कोपरा पाहिला. कुठेही एवढासाही केशरी ठिपका नव्हता. अख्खा मेंदू निळाशार, शांत पसरला होता.

अल्ताफ दारात येऊन उभा राहिला होता. "काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"काही नाही," तहसीन म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ताठ मानेनं ती हसत होती. "अब्बा काहीच म्हणाले नाहीत!"